विश्लेषण : गर्भवतींना मलेरियाचा धोका अधिक का? ‘साधा ताप’ अंगावर काढणे किती महागात?

पाऊस उघडीप देऊ लागला, सोयाबीनची सोंगणी तोंडावर आली की तेल्हारा तालुक्यात घराघरांत थंडीतापाचे एखादे तरी माणूस निघते. कोणी मेडिकलमधून दोन गोळ्या आणतो, कोणी सलाइन लावून येतो आणि चौथ्या दिवशी पुन्हा शेतात दिसतो. घरातल्या पाच महिन्यांच्या गर्भवतीला ताप आला तरी अनेकदा हेच घडते. ‘दोन दिसापासून थंडी वाजून राह्यली, पण कामाचा शीण असंन,’ असे म्हणून ताप अंगावर काढला जातो. मलेरियाच्या, म्हणजे हिवतापाच्या बाबतीत हे दोन दिवसच महागात पडू शकतात. गर्भारपणात हा आजार नेहमीसारखा वागत नाही. तो लपतो, लवकर बिघडतो आणि त्याची औषधेही इतरांपेक्षा वेगळी असतात.

रुग्ण कमी झाले, मग चिंता कशाला?

स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, देशाची लोकसंख्या सुमारे ३३ कोटी होती. त्या काळी वर्षाला साधारण साडेसात कोटी लोकांना मलेरिया होत असे आणि ८ लाख दगावत, असा सरकारी अंदाज आहे. त्या तुलनेत आजचे चित्र ओळखू येणार नाही इतके बदलले आहे. २०१५ मध्ये देशात ११ लाख ६९ हजार रुग्णांची नोंद झाली होती, २०२३ मध्ये ती २ लाख २७ हजारांवर आली. नोंदवलेले मृत्यू ३८४ वरून ८३ पर्यंत घटले. २०३० पर्यंत देशातून मलेरिया हद्दपार करण्याचे उद्दिष्ट आहे. महाराष्ट्रातही आता मलेरिया म्हटले की प्रामुख्याने गडचिरोली आणि मुंबई ही नावे पुढे येतात, अकोल्याचे नाव क्वचितच निघते.

पण रुग्ण कमी असण्याची दुसरी बाजूही आहे. आफ्रिकेच्या ज्या भागांत बारा महिने मलेरिया असतो, तिथल्या प्रौढ स्त्रीला लहानपणापासून अनेकदा हा ताप येऊन गेलेला असतो. तिच्या शरीरात थोडी प्रतिकारशक्ती तयार असते. गर्भारपणात ती ढासळते, विशेषतः पहिलटकरणीमध्ये, पण अगदीच शून्य होत नाही. वऱ्हाडातल्या स्त्रीकडे अशी शिदोरी जवळपास नसतेच. त्यामुळे इथे पहिली खेप असो की तिसरी, धोका सारखाच मानावा लागतो आणि आजार थेट गंभीर रूप घेण्याची शक्यता वाढते. त्याच भागातल्या गर्भवती नसलेल्या स्त्रीच्या तुलनेत गर्भवतीला गंभीर मलेरिया होण्याचा धोका सुमारे तिप्पट असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

शिवाय आजार दुर्मीळ झाला की तो आठवत नाही. ताप म्हटले की आज घरच्यांना आधी डेंग्यू आठवतो, मग टायफॉइड. मलेरियाची तपासणी राहून जाते.

डासालाही गर्भवती जवळची का?

हा प्रश्न विचित्र वाटेल, पण त्यावर संशोधन झाले आहे. पश्चिम आफ्रिकेतील गाम्बिया या देशात केलेला एक अभ्यास २००० साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गर्भवती स्त्रियांकडे इतर स्त्रियांच्या तुलनेत जवळपास दुप्पट डास आकर्षित होतात, असे त्यात आढळले. संशोधकांनी कारणेही मोजली. दिवस भरत आलेल्या स्त्रीच्या उच्छ्वासाचे प्रमाण २१ टक्क्यांनी जास्त होते आणि पोटाचा भाग सरासरी ०.७ अंश सेल्सिअसने अधिक उबदार होता. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब हीच तर डासाला वाट दाखवणारी खूण. गर्भवतीला रात्री लघवीसाठी वारंवार उठावे लागते, ती मच्छरदाणीच्या बाहेर पडते, हेही त्या अभ्यासात नोंदवलेले आहे.

गाम्बियातला डास आणि आपल्याकडचा डास एकाच जातीचे नाहीत. तरी रात्री दोन-तीनदा अंगण ओलांडून न्हाणीकडे जाणाऱ्या बाईचे चित्र तेल्हाऱ्यातल्या कुठल्याही घराला परके वाटणार नाही.

परजीवी वारेत दडतो म्हणजे काय?

मलेरियाचे परजीवी रक्तातल्या लाल पेशींत वाढतात. आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार दिसतात, व्हायव्हॅक्स आणि फॅल्सिपेरम. यातला फॅल्सिपेरम अधिक घातक. त्याने ग्रासलेल्या लाल पेशी चिकट होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना धरून बसतात. गर्भारपणात त्यांना चिकटायला एक नवी जागा मिळते. ती म्हणजे वार. बाळाला आईच्या रक्तातून अन्न आणि प्राणवायू जिथून मिळतो, तीच ही जागा.

मिखाल फ्रीड आणि पॅट्रिक डफी या संशोधकांनी केनियातील स्त्रियांच्या वारांचा अभ्यास करून १९९६ मध्ये याचा उलगडा केला. वारेत असलेल्या एका विशिष्ट शर्करायुक्त रेणूला या पेशी घट्ट पकडतात, असे त्यांना दिसले. गर्भवती नसलेल्या व्यक्तीच्या शरीरात त्यांना अशी पकड मिळत नाही. म्हणून लहानपणी मलेरियाशी लढून शिकलेल्या शरीरालाही गर्भारपणातला हा अवतार नवाच असतो.

याचा व्यवहारातला अर्थ महत्त्वाचा आहे. परजीवी वारेत मोठ्या संख्येने साठलेले असताना बोटाच्या टोकाला टोचून घेतलेल्या रक्तात ते मोजकेच असू शकतात, कधी दिसतही नाहीत. म्हणजे पहिली तपासणी ‘निगेटिव्ह’ आली, पण ताप हटत नाही, अशा वेळी दुसऱ्यांदा आणि गरज पडल्यास तिसऱ्यांदा रक्त तपासावे लागते. ‘एकदा तपासलं ना’ हे गर्भवतीच्या बाबतीत पुरेसे उत्तर नाही.

आईला काय होते, बाळाला काय?

परजीवी लाल पेशी फोडतात, त्यामुळे सर्वांत आधी रक्त घटते. आपल्याकडे मुळातच रक्ताची बाजू लंगडी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ५२.२ टक्के गर्भवतींमध्ये रक्तक्षय आढळला, म्हणजे त्यांचे हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी होते. आधीच नऊ ग्रॅमवर असलेली बाई मलेरियाने आठवडाभरात सातच्या खाली जाऊ शकते. अशा स्थितीत बाळंतपणात झालेला साधा रक्तस्रावही जिवावर बेतू शकतो.

दुसरा धोका रक्तातली साखर अचानक घटण्याचा. दरदरून घाम, भोवळ, असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे. ताप उतरताना येणारा घाम समजून त्याकडे दुर्लक्ष होते. फुप्फुसात पाणी साठणे, कावीळ, झटके, बेशुद्धी या पुढच्या पायऱ्या. फॅल्सिपेरममध्ये त्या एक-दोन दिवसांत गाठल्या जाऊ शकतात.

बाळाच्या बाजूने पाहिले तर गर्भपात, दिवस भरण्याआधी प्रसूती, पोटातच बाळ दगावणे आणि कमी वजनाचे बाळ हे धोके आहेत. क्वचित आईकडून बाळाला जन्मतःच मलेरिया होतो. वजनाचा मुद्दा थोडा थांबून पाहण्यासारखा आहे, कारण त्यावर सातपुड्याच्या पलीकडचा, तेल्हाऱ्यापासून फार लांब नसलेला पुरावा आहे. मध्य प्रदेशातील जबलपूर येथे डॉ. नीरू सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भवतींमधील मलेरियाचा अभ्यास केला, तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. मलेरिया झालेल्या मातांच्या बाळांचे सरासरी वजन इतर बाळांपेक्षा सुमारे ३५० ग्रॅमने कमी भरले. हा फरक फॅल्सिपेरमपुरता नव्हता, ‘सौम्य’ म्हणवल्या जाणाऱ्या व्हायव्हॅक्समध्येही तो स्पष्ट होता. पावणेतीन किलोचे होऊ शकणारे बाळ अशाने अडीच किलोच्या आत येते, म्हणजे ‘कमी वजनाचे बाळ’ या रकान्यात जाते. मेळघाटातल्या बालमृत्यूंची चर्चा तीस वर्षांहून अधिक काळ ज्या भागाने ऐकली आहे, त्या भागाला या रकान्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

निदान कुठे चुकते?

थंडी वाजून ताप, मग घाम, मग थोडा आराम, आणि एक दिवस सोडून पुन्हा तेच. हे झाले पुस्तकातले वर्णन. प्रत्यक्षात अनेक गर्भवतींमध्ये सुरुवातीला नुसती कणकण, डोकेदुखी, मळमळ आणि गळून गेल्यासारखे वाटणे एवढेच असते. तिसऱ्या महिन्यात उलट्या झाल्या तर घरातली जाणती बाई त्या डोहाळ्यांच्या खाती टाकते. आठव्या महिन्यात कंबर धरली, दम लागला, तर ‘दिवसच तसे आहेत’ म्हटले जाते. यात कुणाचा दोष काढण्यात अर्थ नाही, लक्षणेच एकमेकांत मिसळलेली आहेत.

म्हणून नियम सोपा ठेवावा लागतो. गर्भवतीला कोणताही ताप आला, तर त्याच दिवशी मलेरियाची तपासणी. गावातल्या आशाताईंकडे किंवा उपकेंद्रातल्या नर्सबाईंकडे रक्ताच्या एका थेंबावर होणारी जलद चाचणी, म्हणजे आरडीटी किट, उपलब्ध करून दिलेली असते. साधारण १५ ते २० मिनिटांत निकाल मिळतो आणि मलेरिया कोणत्या प्रकारचा, हेही कळते. काचपट्टीवर घेतलेला रक्तनमुना प्राथमिक आरोग्य केंद्राकडे किंवा ग्रामीण रुग्णालयाकडे पाठवला जातो. दोन्ही तपासण्या शासकीय यंत्रणेत मोफत आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेला ‘प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियाना’त गर्भवतींची जी तपासणी होते, त्यातल्या चाचण्यांच्या यादीतही मलेरियाची जलद चाचणी आहे. तिथे गेल्यावर ती झाली का, हे विचारायला हरकत नाही.

मेडिकलमधून गोळ्या आणल्या तर?

इथे सर्वाधिक चुका होतात. व्हायव्हॅक्सच्या नेहमीच्या उपचारात दोन औषधे असतात. क्लोरोक्विन तीन दिवस रक्तातल्या परजीवींसाठी आणि प्रायमाक्विन चौदा दिवस यकृतात झोपलेल्या परजीवींसाठी. यातले क्लोरोक्विन गर्भवतीला देता येते. प्रायमाक्विन मात्र गर्भारपणात पूर्ण वर्ज्य आहे. ज्यांच्या शरीरात जी-६-पीडी नावाचे विकर कमी असते, त्यांच्या लाल पेशी या औषधाने फुटू शकतात. पोटातल्या बाळात हे विकर पुरेसे आहे की नाही, ते कळायला मार्ग नसतो. घरात दिराला किंवा सासऱ्यांना मलेरिया झाला होता, त्यांच्या पाकिटातल्या गोळ्या उरल्या आहेत, त्याच सुनेला द्याव्यात, हा हिशेब म्हणूनच घातक ठरू शकतो.

फॅल्सिपेरममध्ये प्रश्न आणखी नाजूक आहे. चौथ्या महिन्यापासून पुढे आर्टेमिसिनिन गटातल्या औषधांचा संयुक्त उपचार दिला जातो. पहिल्या तीन महिन्यांसाठी भारतीय मार्गदर्शक सूचनांमध्ये क्विनाइन हे औषध सात दिवस सांगितलेले होते. ते साखर घटवते, त्यामुळे ते घेताना उपाशी राहून चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये नव्या पुराव्यांच्या आधारे पहिल्या तिमाहीतही आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन या संयुक्त औषधाची शिफारस केली. कोणत्या महिन्यात काय द्यायचे, हा निर्णय डॉक्टरांचाच. घरच्यांचे काम एवढेच की कितवा महिना आहे, हे डॉक्टरांना न विसरता सांगायचे. दीड-दोन महिन्यांची गर्भवती कित्येकदा संकोचाने सांगतच नाही आणि चिठ्ठीवर भलतेच औषध लिहिले जाते.

डॉक्सिसायक्लिन हे तापात सर्रास दिले जाणारे प्रतिजैविकही गर्भारपणात टाळले जाते. अंगदुखीसाठी मिळणाऱ्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्याही नकोत. त्या शेवटच्या महिन्यांत बाळाला अपायकारक ठरू शकतात आणि ताप डेंग्यूचा निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढवतात. दवाखान्यात पोहोचेपर्यंत ताप उतरवायला पॅरासिटामॉल आणि ओल्या फडक्याने अंग पुसणे पुरेसे आहे.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. प्रायमाक्विन देता येत नाही, म्हणजे व्हायव्हॅक्सचे झोपलेले परजीवी यकृतात तसेच राहतात. क्लोरोक्विनने ताप गेला तरी काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तो उलटू शकतो. गर्भारपणात एकदा व्हायव्हॅक्स झालेल्या स्त्रीने बाळंत होईपर्यंत प्रत्येक तापात पुन्हा तपासणी करून घ्यायची आणि बाळंतपणानंतर उरलेल्या उपचाराबद्दल डॉक्टरांना आठवण करायची.

तेल्हाऱ्यात डास वाढतो कुठे?

मलेरिया पसरवणारा अ‍ॅनाफिलीस डास गटाराच्या घाण पाण्यात सहसा वाढत नाही, त्याला तुलनेने स्वच्छ, साठलेले पाणी लागते. ग्रामीण भागात पावसाची डबकी, नाल्यातले थांबलेले पाणी, विहिरी आणि ओलिताच्या चाऱ्या ही त्याची घरे. तेल्हारा तालुक्याची उत्तर बाजू सातपुड्याच्या पायथ्याला टेकलेली. तिथे वारी भैरवगडजवळ वान नदीवर धरण आहे आणि त्याच्या कालव्यांवर बरेच ओलित होते. कालव्याने समृद्धी आणली, पण झिरपणाऱ्या आणि गवत माजलेल्या चाऱ्या डासांनाही सोयीच्या ठरतात.

दक्षिणेकडे चित्र उलट आहे. तो खारपाणपट्टा, जमिनीतले पाणी खारट. पिण्याच्या पाण्यासाठी नळयोजनेवर भिस्त आणि नळ रोज येईलच याची खात्री नाही. म्हणून घरोघरी सिमेंटच्या टाक्या, ड्रम, रांजण भरून ठेवलेले. अ‍ॅनाफिलीसची एक जात अशा साठवणीच्या पाण्यातच वाढते, डेंग्यूचा डास तर खासच. वऱ्हाडात उन्हाळ्यानंतर कोपऱ्यात ढकललेला कूलर हा तिसरा अड्डा, त्याच्या तळाशी वीतभर पाणी दिवाळीपर्यंत राहते. अंड्यातून पूर्ण डास तयार व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. आरोग्य विभाग आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतो, त्यामागे हे गणित आहे. जी विहीर किंवा टाके रिकामे करता येत नाही, त्यात गप्पी मासे सोडता येतात.

फवारणीचे पथक आले की ‘भिंती खराब होतात’ म्हणून दार लावून घेणारी घरे असतात. फवारल्यावर आठ दिवसांत सारवण किंवा चुना लावणारीही असतात. औषध भिंतीवर टिकले तरच तिथे बसणारा डास मरतो. सणासुदीची रंगरंगोटी फवारणीच्या आधी उरकलेली बरी.

मच्छरदाणी पुरेशी आहे का?

अ‍ॅनाफिलीस संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. म्हणून गर्भवतीसाठी मच्छरदाणीइतके स्वस्त आणि निर्धोक साधन दुसरे नाही. कीटकनाशक भारित असेल तर उत्तम, साधी असेल तरी कडा गादीखाली नीट खोचलेल्या हव्यात. अडचण उकाड्याची आहे. वीज गेली की माणसे अंगणात बाजेवर येतात आणि मच्छरदाणी घरातच राहते. बाजेच्या चार पायांना काठ्या बांधून ती बाहेरही लावता येते, जुनी माणसे लावत असत. पिकाच्या राखणीसाठी शेतात मुक्काम असलेल्या किंवा कापूस वेचणीच्या हंगामात शेतातल्या खोपीत उतरलेल्या मजूर कुटुंबांना तिची गरज अधिक आहे. अशा कुटुंबांत मेळघाटातून खाली आलेल्या कोरकू स्त्रियाही असतात, आणि गावाच्या नोंदवहीत त्यांचे नाव बहुधा नसते.

पूर्ण बाह्यांचे कपडे, अंगाला लावायचे डासरोधक मलम हे पूरक उपाय. बंद खोलीत रात्रभर कॉइलचा धूर मात्र गर्भवतीला सोसणारा नाही. गोठा घराला लागून असेल तर झोपायची जागा शक्यतो दुसऱ्या बाजूला करावी, आपल्याकडचा ग्रामीण अ‍ॅनाफिलीस गुरांच्या आसपास मोठ्या संख्येने असतो.

लोह-फॉलिक अ‍ॅसिडची लाल गोळी मलेरिया रोखत नाही, पण मलेरियाने होणारी रक्ताची पडझड सोसायला राखीव साठा देते. ती किमान १८० दिवस घ्यायची असते.

लस किंवा प्रतिबंधक गोळी नाही का?

आफ्रिकेच्या अनेक देशांत गर्भवतींना चौथ्या महिन्यापासून प्रतिबंधक औषधाचे ठरावीक डोस दिले जातात. गरजही तशी आहे. तिथल्या मध्यम ते तीव्र प्रसाराच्या ३३ देशांत २०२३ मध्ये अंदाजे ३ कोटी ६० लाख गर्भवतींपैकी १ कोटी २४ लाखांना मलेरियाचा संसर्ग झाला. भारतात प्रसार कमी असल्याने हे धोरण स्वीकारलेले नाही, इथे भर तपासणी, तत्काळ उपचार आणि मच्छरदाणीवर आहे. लसीचे म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये शिफारस केलेली आर-२१ ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. पण ती आफ्रिकेसारख्या भागांतल्या लहान मुलांसाठी आहे, गर्भवतींसाठी नाही.

माहेरी जाताना काय लक्षात ठेवावे?

पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत अजून टिकून आहे. सातव्या-आठव्या महिन्यात स्त्री गाव बदलते. कुणी गडचिरोलीकडून येते, कुणी धारणी-चिखलदऱ्याकडून, कुणी मुंबईच्या बांधकामावरून. डास चावल्यापासून ताप येईपर्यंत साधारण दहा ते पंधरा दिवस जातात, म्हणजे लागण एका गावात आणि ताप दुसऱ्याच गावात. माहेरच्या डॉक्टरांना मागच्या महिन्यात ती कुठे होती हे कळत नाही आणि सासरच्या आशाताईंना ती गेल्याचे कळत नाही.

त्यामुळे माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यायचे, मलेरिया झाला असेल तर तारीख, प्रकार आणि दिलेले औषध त्यावर लिहून घ्यायचे. माहेरी पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात तिथल्या आशाताईंकडे नाव नोंदवायचे. तापाबरोबर सतत उलट्या, धाप, डोळे पिवळे पडणे, लघवी कमी किंवा गडद होणे, बाळाची हालचाल मंदावणे, गुंगी यांपैकी काहीही दिसले तर गावातल्या सलाइनवर वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठायचे. तेल्हाऱ्याहून अकोल्याचे जिल्हा स्त्री रुग्णालय किंवा सर्वोपचार रुग्णालय पन्नास किलोमीटरहून लांब आहे, रात्रीचा रस्ता वेगळाच. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली गर्भवतीसाठी शासकीय रुग्णालयातील तपासण्या, औषधे आणि वाहन मोफत आहे. वाहनासाठी १०२ आणि तातडीच्या प्रसंगी १०८ हे क्रमांक मोबाइलमध्ये नव्हे, तर घरातल्या सर्वांना दिसतील असे दाराशेजारी भिंतीवर लिहून ठेवलेले बरे, कारण ताप मध्यरात्री चढतो आणि मोबाइल बहुतेक वेळा नवऱ्याजवळ, ओलितावर असतो.